सोजरकाकूंचा ढीग

रिटायर झालेल्या माणसाकडं दोन गोष्टी भरपूर असतात, औषधाच्या गोळ्या आणि किस्से. गोळ्या वेळच्या वेळी संपतात. किस्से संपत नाहीत, ऐकणारी माणसंच कमी होत जातात. आमचं तसं बरं आहे. उमरग्याला हायवेच्या कडेला रशीदभाईच्या मुलाचं गॅरेज आहे, तिथं महिन्यातून एकदा आम्ही तिघं जमतो. रशीदभाई म्हणजे आमच्या तलावाच्या कामावरचा डोझर ड्रायव्हर. दुसरा निवृत्ती, आमचा चेनमन, म्हणजे मोजणीच्या टेपचं दुसरं टोक धरणारा. तो आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीहून एसटीनं येतो आणि दर वेळी गाडीत जागा मिळाली नाही म्हणून कुरकुरतो. आणि तिसरा मी. मला हे दोघं अजून 'मातीसाहेब' म्हणतात. घरी कुणी म्हणत नाही, म्हणून मी तिथं जातो, हे खरं कारण.

नोकरीच तशी होती. बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्याकडं तलावांची कामं जिकडंतिकडं निघाली. माकणीपासून आठ-दहा मैलांवर आमचाही एक तलाव होता. मातीचा बांध. त्याला लागणारी चिकणमाती आणि मुरूम आजूबाजूच्या शेतांतून खणून आणायचा. पण शेताच्या वरच्या थरात मुळ्या, काडीकचरा असतो, तो बांधाला चालत नाही. म्हणून पहिल्यांदा डोझरनं वरची काळी माती खरवडायची. पूर्वी ती कुठंही ढकलून देत, खालचा मुरूम काढून नेत आणि शेतकऱ्याला खड्डा परत देत. मग वरून ऑर्डर आली: वरची माती वेगळी ढीग करून ठेवावी, जपावी, आणि खणून झाल्यावर ज्याच्या त्याच्या शेतात परत पसरून द्यावी. हे बघायला एक शेतीचा डिप्लोमावाला पाहिजे होता. तो मी.

पहिल्या दिवशी धाकट्या साहेबांनी, म्हणजे साइटवरच्या इंजिनिअरनं विचारलं, "शेती किती तुमची?"

"गुंठाभरही नाही, साहेब."

"मग मातीचं काय कळणार तुम्हाला?"

आमच्या घरानं बौद्ध धर्म घेतला, वडिलांनी मला शिकवलं, नोकरी लागली, सगळं झालं. पण आईनं जन्मभर दुसऱ्याच्या शेतात खुरपलं आणि सातबाऱ्यावर आमच्यापैकी कुणाचं नाव कधी लागलं नाही. साहेबांचं बरोबरच होतं म्हणायचं. पण मला मातीचं वेड होतं, ते का होतं हे त्यांना कसं सांगणार?

*

पहिला किस्सा कमरेचा.

ऑर्डरमध्ये लिहिलेलं, वरचा थर नऊ इंच. आम्ही सोजरकाकूंच्या शेतावर गेलो. काकू विधवा, पन्नाशीच्या, एकच लेक, ती उमरग्याला दिलेली. दीड एकराचा तुकडा. रशीदभाईनं डोझर सुरू केला आणि काकू पुढं येऊन उभ्या राहिल्या.

"किती खरवडणार?"

"नऊ इंच," धाकटे साहेब म्हणाले.

"माझी माती कमरेएवढी हाय. नऊ इंच ठिवून बाकीची धरणात घालता व्हय?"

साहेब हसले. कमरेएवढी काळी माती त्या माळावर असायचं कारण नव्हतं. काकू म्हणाल्या, "खणा मंग." निवृत्तीनं खणायला घेतलं. हात गेला, गुडघा गेला, मांडी गेली, माती काळीच. शेवटी पांढरट मुरूम लागला.

"गावच्या जुन्या तळ्यातला गाळ हाय ह्यो," काकू म्हणाल्या. "सासऱ्यानं गाडीनं आणला, मालकानं गाडीनं आणला. बैल इकल्यावर म्या पाटीनं आणला. निम्मं शेत माझ्या डोक्यावरनं आलंया."

साहेबांनी वही काढली. "बरं. कमरेएवढी. पण कंबर कुणाची?" कारण खड्ड्यात निवृत्ती उभा होता आणि निवृत्ती सहा फूट. काकूंनी त्याला वर यायला सांगितलं, लुगडं सावरून स्वतः खड्ड्यात उतरल्या आणि हात वर करून म्हणाल्या, "मोजा." दोन फूट नऊ इंच भरलं.

पुढं त्या साइटवर खोली काकूंत मोजायची पद्धत पडली. "मुरूम किती खोल?" "दीड काकू." असं बोलता बोलता निवृत्तीनं एकदा ते मोजमापाच्या वहीतही लिहिलं. सहा महिन्यांनी वरच्या ऑफिसातून विचारणा आली: 'काकू' हे एकक कोणत्या परिपत्रकानुसार वापरले, खुलासा करावा.

*

ढीग घातला. केवढा म्हणता, लांबून बघितलं तर टेकडी वाटायची. त्यावर पाटी लावली: सर्वे नंबर, मालकाचं नाव. काकू रोज सकाळी यायच्या, ढिगाला एक फेरी मारायच्या आणि जाताना मला विचारायच्या, "मातीसाहेब, औंदा?"

म्हणजे यंदा माती शेतात परत पडेल का?

"औंदा नाही काकू. पुढच्या साली."

हे मी चार वर्षं सांगितलं. काम रखडत होतं, त्याला माझा इलाज नव्हता. 

*

मजुरांच्या सोसायटीचे चेअरमन होते एक. गांधी टोपी कडक, बोलणं त्याहून कडक. घराच्या मागं त्यांनी नवी बाग काढलेली. एक दिवस ट्रॅक्टर घेऊन सरळ ढिगाशी आले आणि मजुरांना म्हणाले, भरा.

मी आडवा गेलो. "साहेब, ही माती हलवायची नाही. ऑर्डर आहे."

"अहो दोन ट्रॉल्यांनी काय होतंय? एवढा डोंगर पडलाय. माती काय कुणाच्या बापाची हाय का?"

काकू ढिगाच्या सावलीला बसल्या होत्या. त्या उठल्यासुद्धा नाहीत. बसल्या बसल्या म्हणाल्या, "बापाची न्हाय. सासऱ्याची हाय."

चेअरमननी मजुरांकडं बघितलं. मजुरांनी फावडी खाली ठेवली होती. त्यातल्या चौघी बायांच्या सासरी तसाच गाळ डोक्यावरनं आणलेला होता.

*

बाहेरून आलेल्या माणसाला माती सगळी सारखी दिसते. आम्हालाही सुरवातीला दिसायची.

काकूंच्या ढिगाशेजारी भगवानरावांचा ढीग होता, त्यांच्या शेतावरचा. उन्हाळ्यात पाट्यांचा रंग उडाला म्हणून निवृत्तीनं दोन्ही पाट्या काढल्या, नवीन रंग दिला, वाळवल्या आणि परत लावल्या. फक्त उलट्या. काकूंची पाटी भगवानरावांच्या ढिगावर आणि त्यांची इकडं. काकूंना वाचता येत नव्हतं, त्यामुळं त्या नेहमीच्या ढिगाशीच जात राहिल्या आणि कुणालाच काही कळलं नाही.

मग कागद तपासायला माणूस आला. त्यानं पाटी वाचली आणि काकूंना म्हणाला, "बाई, तुमचा ढीग तो पलीकडचा."

काकू पलीकडं गेल्या. मूठभर माती घेतली, तळहातावर चुरली, फुंकली. "ही भगवानरावाची. हिच्यात चुनखडी हाय बगा, बारीक बारीक. माझ्या मातीत खडा सापडला तर ढीग तुमाला."

तो माणूस हट्टाला पेटला. अर्धा तास काकूंच्या ढिगात खडा शोधत उकिडवा बसला. शेवटी पँटचे गुडघे झटकत उठला आणि निवृत्तीला म्हणाला, "पाट्या बदला."

त्या दिवशी मी घरी जाऊन आईला हे सांगितलं. आई म्हणाली, "मग? मातीची वळख आसतीच की. माझ्या हातात द्या, कुणाच्या शेतातली ते म्या बी सांगीन. गावातल्या समद्या शेतांत खुरपलंय म्या." हसत म्हणाली. मला हसू आलं नाही.

*

उन्हाळ्यात वारं सुटलं की ढीग उडायचा. ऑर्डरमध्ये होतं, 'ढिगावर हिरवे आच्छादन करावे'. मी काकूंना विचारलं, काय लावायचं? त्या म्हणाल्या, कडेनं करडई, तिला काटा असतो, शेरडं येत नाहीत. वर अंबाडी. पाणी टँकरच्या सांडलेल्या पाण्यातलं. त्या सालीही पाऊस कमीच होता. सगळा माळ करपलेला आणि मधोमध हा एक हिरवा ढीग. मजूर बाया जाता येता उगाच त्याच्याकडं बघायच्या.

तपासणीला औरंगाबादहून साहेब आले. ढीग बघून चष्मा काढला. "हे काय? सरकारी ढिगावर पीक?"

मी म्हणालो, "आच्छादन आहे, साहेब."

"ही अंबाडी आहे. मला कळत नाही का? ही खातात."

"ऑर्डरमध्ये हिरवं पाहिजे म्हटलंय, साहेब. खाण्यासारखं नको असं कुठं म्हटलेलं नाही."

साहेबांनी ऑर्डर मागितली. दोनदा वाचली. खरंच म्हटलेलं नव्हतं. मग ते ढिगाभोवती फिरले, काकूंनी न बोलता अंबाडीची एक जुडी खुडून पुढं केली. साहेब इकडंतिकडं बघत म्हणाले, "नमुना म्हणून घेतो."

शेरा चांगला मिळाला. पुढच्या तपासणीला साहेब आले ते ढिगाकडं जायच्या आधी मला बाजूला घेऊन म्हणाले, "नमुना काढून ठेवलाय ना?"

*

धाकट्या साहेबांच्या वरचे मोठे साहेब, त्यांच्या बाईसाहेबांना गुलाबाचा नाद. बंगल्याची जागा निव्वळ मुरमाड. साहेबांची चिठ्ठी आली, काळी माती दोन ट्रॉल्या बंगल्यावर पाठवावी.

मी चिठ्ठीखाली लिहिलं: 'मालकाची संमती जोडावी.' आणि परत पाठवली. निवृत्ती म्हणाला, "साहेब, बिस्तरा बांधून ठिवा." बांधला नाही, पण दोन दिवस झोप नीट लागली नाही.

तिसऱ्या दिवशी जीप आली, आत साहेब आणि बाईसाहेब दोघं. साहेब माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. सरळ काकूंकडं गेले. बाईसाहेबच म्हणाल्या, "काकू, थोडी माती द्याल का? गुलाबाला पाहिजे."

काकू म्हणाल्या, "द्याची की. पर हितनं हलवायची न्हाय आसं मातीसाहेब म्हंत्यात. मंग तुमचा गुलाबच हिकडं आणा."

आणि आणला हो. करडईच्या आत, ढिगाच्या उतरणीवर बाईसाहेबांनी आपल्या हातानं तीन कलमं लावली. दर रविवारी जीप यायची. बाईसाहेब आणि काकू ढिगावर बसून गुलाबाला खुरपायच्या. साहेब जीपमध्ये पेपर वाचत बसायचे. माझी बदली झाली नाही. साहेबांची झाली, पुढच्या वर्षी. जाताना बाईसाहेब रडल्या, त्या गुलाबासाठी की काकूंसाठी ते कळलं नाही.

*

आता एक किस्सा, जो गॅरेजात मी स्वतः होऊन कधी सांगत नाही.

कॅम्पवर मला एका खोलीचं क्वार्टर होतं. आई माझ्याकडं राहायला आलेली. तिला बसून राहायची सवय नव्हती. टँकर आला की पाण्याला जायची, तिथं तिची आणि सोजरकाकूंची ओळख झाली. दोघी घागरी ठेवून बोलत बसायच्या. काय बोलायच्या कोण जाणे.

एक दिवस जेवताना आई म्हणाली, "बाबा, एक मागू का?"

मला वाटलं लुगडं मागतीय.

"जरा माती आण. मिरची लावीन म्हन्ते. जलमभर दुसऱ्याचं खुरपलं. आता आपलं म्हून काय तरी खुरपावं वाटतंय."

दारात डांबराचं अर्धं कापलेलं पिंप होतं. कुठलीही माती चालली असती. ओढ्याची होती, नर्सरीची मागवता आली असती. पण मला आईच्या पिंपात सगळ्यात चांगली माती पाहिजे होती, आणि सगळ्यात चांगली कुठली ते मला पक्कं माहीत होतं. दुपारी मजूर जेवायला बसलेले असताना मी काकूंच्या ढिगाच्या मागच्या बाजूनं एक पाटी भरली. चेअरमनला दोन ट्रॉल्या दिल्या नाहीत, मोठ्या साहेबांना दिल्या नाहीत, आणि स्वतः चोरासारखी पाटी भरून आणली. 

आईनं मातीत हात घातला. बोटं तशीच आत ठेवून थोडा वेळ बसली. "चांगली हाय," म्हणाली. "कुणाची?"

"आपली," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही.

मिरची अशी आली की निवृत्तीनंही विचारलं, "साहेब, माती कुठली?" म्हटलं, नर्सरीतली. माती आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी काकू ढिगाला फेरी मारून आल्या आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "मातीसाहेब, औंदा?" मी वहीत बघतच म्हटलं, "पुढच्या साली." नंतर ती पाटी परत टाकावी असं कितीदा मनात आलं. पण मिरचीला फुलं आली होती, आणि आई सकाळी उठली की पहिल्यांदा तिकडं जायची.

*

चौथ्या वर्षी काकूंच्या शेतातली खणाई संपली. आता पसरायचं, असं मी म्हणतोय तेवढ्यात वरून निरोप: डोझर दुसऱ्या तलावावर पाठवावा, तीन दिवसांत. डोझर गेला की ढीग तिथंच राहणार. दोन हजार ट्रॉल्या माती पाटीनं पसरायची म्हणजे काकूंचा पुढचा जन्मही पुरला नसता.

मी रशीदभाईच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "रशीदभाई, काय करायचं?"

रशीदभाई विडी ओढत होता. म्हणाला, "कायकू डरते साहब. मशीन बिगड गया ना."

"कधी?"

"कल सुबा बिगडनेवाला है."

दुसऱ्या दिवशी लॉगबुकात त्यानं लिहिलं: डोझर नादुरुस्त, पार्ट सोलापूरहून येणे आहे. आणि सही करून डोझर सुरू केला. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत माती पसरत होता. लॉगबुकात रोज 'बंद', आणि डिझेल रशीदभाईनं कुठनं आणलं ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

सुरू करायच्या आधी त्यानं पायातले बूट काढून कडेला ठेवले. म्हणाला, "काकू, तुमच्या मातीवर बूट घालून नाही चढणार."

काकू म्हणाल्या, "बूट काढलास बाबा, लई ग्वाड केलंस. आन् ही लोखंडाची म्हस कशी चढायली मंग?"

पाचव्या दिवशी दुसऱ्या तलावावरचे साहेब जीप घेऊन डोझर बघायला आले. लांबूनच त्यांना घरघर ऐकू आली. "बंद आहे ना? मग हा आवाज कसला?"

रशीदभाई वरून म्हणाला, "दुरुस्ती चाललीय साहब. चालवून बघतोय."

"पाच दिवस?"

"हौ साहब. मोठी मशीन है. जरा जरा करके बघावं लागतं."

साहेबांनी शेताकडं बघितलं. पुढं काकू अनवाणी, हातात खुरपं घेऊन डोझरच्या मागं मागं ढेकळं फोडत चालल्या होत्या. तेही शेतकऱ्याच्याच घरचे असावेत. जीपमध्ये बसताना म्हणाले, "अजून तीन दिवस चालवून बघा. नीट बघा."

*

शेवटचा किस्सा ताबा देण्याच्या दिवसाचा. हा रशीदभाईच सांगतो दर वेळी, आणि मी ऐकतो.

माती पसरून झाली होती. रब्बीच्या ज्वारीच्या पेरणीला चार-पाच दिवस राहिलेले. शेतात टेबल टाकलं. नवीन मोठे साहेब, धाकटे साहेब, तलाठी, निवृत्ती टेप घेऊन, रशीदभाई, मी. कागदावर छापलेलं तलाठ्यानं वाचून दाखवलं: 'जमिनीचा वरचा थर संपूर्ण परत मिळाला, तक्रार नाही.' खाली मालकाची सही अगर अंगठा. तो उमटला की शेत काकूंचं, उद्यापासून पेरा.

निवृत्तीनं चार ठिकाणी खड्डे घेतले. काकू खड्ड्यात उतरल्या. काळी माती कमरेला कुठं जरा कमी, कुठं जरा जास्त. साहेबांनी शाईचं पॅड पुढं केलं. "लावा अंगठा."

काकूंनी हात मागं घेतला.

"माती पुरी न्हाय."

"म्हणजे?"

"एक पाटी कमी हाय."

सगळे हसले. तलाठी तर पोट धरून हसला. साहेब म्हणाले, "बाई, एवढ्या मोठ्या शेतात पाटीभर माती कमी आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"कळतं," काकू म्हणाल्या. "कागदावर संपूर्न लिवलंय न्हवं? खोट्यावर अंगठा करू व्हय?"

साहेबांचा आवाज चढायला लागला. अंगठा नाही तर ताबा नाही, ताबा नाही तर पेरणी नाही, पुढची तारीख कधी मिळेल सांगता येत नाही. काकू ऐकत होत्या, पण साहेबांकडं बघत नव्हत्या. माझ्याकडंही बघत नव्हत्या. शेताकडं बघत होत्या. चार वर्षं हा दिवस मागितलेली बाई, आणि पॅडवरची शाई वाळायला लागलेली.

मी म्हणालो, "साहेब, अर्धा तास द्या. पाटी मी आणतो."

कुणी हसलं नाही मग. रशीदभाई काही न विचारता जीपकडं चालू लागला.

क्वार्टरवर आलो तर आई दारात उभी. पिंपाला पाणी घालून झालेलं होतं, पिकल्या मिरच्या खुडून सुपात ठेवलेल्या. पिंपाभोवतालची लाकडं, घागरी बाजूला करून उचलायला जागा मोकळी केलेली. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "हळू न्या. बुडाला गंजलंय."

टँकरपाशी दोघी काय बोलायच्या ते तेव्हा थोडं कळलं. "तू येतीस का?"

"चल की," आई म्हणाली आणि पदर खोचून जीपमध्ये मागं बसली, पिंपाला हात धरून.

रशीदभाईनं आणि मी पिंप टेबलापुढं उतरवलं. हिरवीगार मिरची, बोटभर हिरव्या मिरच्या लागलेल्या. मी साहेबांना सांगितलं, ही माती ह्या शेतातली आहे, मी नेली होती, न विचारता. निवृत्ती टेप गुंडाळत होता, ती गुंडाळतच राहिला.

काकू पिंपाशी बसल्या. मुळाला धक्का न लावता कडेनं बोटं आत घातली, थोडी माती काढली, तळहातावर चुरली.

"माझीच हाय," म्हणाल्या. "खुरपलंय चांगलं."

मग त्यांनी ती माती परत पिंपात टाकली, हातानं दाबली, उठल्या आणि टेबलाशी येऊन अंगठा शाईवर ठेवला.

साहेब म्हणाले, "थांबा, थांबा. ही माती शेतात टाकायची ना आधी?"

"न्हाय. ती ऱ्हाऊ द्या तशीच. तेवढी वगळून लिवा."

"वगळून म्हणजे? कागदावर कुणाच्या तरी नावावर दाखवावी लागेल ती."

"दावा की."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. आधी काकूंकडं बघितलं, मग माझ्याकडं. "कुणाच्या नावावर लिहू?"

मी आईचं नाव सांगितलं.

आई पिंपाशेजारी उभी होती. तिनं पदर डोक्यावर घेतला.

साहेबांनी नाव लिहिलं, पुढच्या रकान्याशी थांबले आणि सवयीनं विचारलं, "क्षेत्र?"

"पाटी एक," सोजरकाकू म्हणाल्या.